सशाचं रक्त आणि सव्वीस लाल अंडी

ती. सू-छिन ताईस,

धाकट्या सू-यानचा वाकून नमस्कार. जेवलीस का? (पत्र पोचेल तेव्हा जेवायची वेळ असेल की नसेल कुणास ठाऊक, पण विचारल्याशिवाय कसं राहायचं.) आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, थंडीची अंगणात बसू नको. डुकरीण व्याली का, किती झाली? मक्याची कणसं छपराखाली टांगून झाली असतील. यंदा मी नाही तर शिडी कुणी धरली? (मी डोळे मिटून शिडी धरते हे तू सगळ्या गावाला सांगितलंयस, पण धरायचे तर खरी.) इकडे शीआनला आम्ही सगळे मजेत. मीली मजेत, तिचा बाबा मजेत, मी मजेत. तू मुळीच काळजी करू नकोस आणि मुळीच येऊ नकोस. यायचं काही कारणच नाही.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू येतं, आणि तू म्हणतेस, "रडून झालं की कर गं फोन, माझं सोयाचं दूध उतू चाललंय," आणि ठेवून देतेस. म्हणून म्हटलं कागदावर लिहावं. कागदावर रडलं तरी तिकडे ऐकू येत नाही, फार तर शाई पसरते. मी तिसरीपर्यंतच शिकलेली, जिथे अक्षर आठवलं नाही तिथे गोल काढलाय. गोल बरेच आहेत. अंदाजाने वाच.

आमची इथली रीत अशी. मीली आणि तिचा बाबा नवव्या मजल्यावर काचेच्या खोलीत. तिथे हवासुद्धा गाळून सोडतात. आधी औषधाने मीलीचा स्वतःचा बिघडलेला मगज (हाडाच्या पोकळीतला, ज्यात रक्त तयार होतं तो) पार खरवडून काढला, मग माझा मगज पिशवीतून तिच्या अंगात सोडला. मगज देणाऱ्याला बाहेर राहावं लागतं, म्हणून तिच्यासोबत आत फेंग-शान गेला. आता तिचा आकडा वर आल्याशिवाय आतला माणूस बाहेर येत नाही आणि बाहेरचा आत जात नाही. मी हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत हाओ मावशींकडे खोली घेऊन राहते. या घरात सगळे आमच्यासारखेच, प्रत्येकाचं कुणी ना कुणी वर काचेत. इथे कुणी कुणाचं नाव विचारत नाही. जिन्यात भेटलं की विचारतात, "आज किती?" मग आपण म्हणायचं, शून्य पॉइंट शून्य दोन. समोरचा म्हणतो, "येईल, येईल." हा पांढऱ्या पेशींचा आकडा. लागोपाठ तीन दिवस तो अर्ध्याच्या वर राहिला की मगज रुजला म्हणतात. नाही राहिला तर काय, ते जिन्यात कुणी बोलत नाही.

माझं काम स्वयंपाकाचं. भाजी उकळायची, कुकरला लावायची, वाटीत काढून परत वाफवायची, मग डबा दोन पिशव्यांत बांधून झरोक्यातून आत द्यायचा. मिरची नाही, तीळ नाही, काही नाही. एवढं शिजवल्यावर तो पालक आहे हे आपल्याला माहीत असतं म्हणून पालक म्हणायचा. दुपारी तीन वाजता खालच्या खोलीतल्या पडद्यावर अर्धा तास मीली दिसते. दिसते म्हणजे तिची भादरलेली टाळू दिसते. माझ्याकडे पाठ करून बसते. मी तिला आत टाकून गेले म्हणून रागावलीय. फेंग-शान पुढे येतो, आणि तो किती बोलतो ते तुला माहीतच आहे. "जेवली?" "हं." "ताप?" "नाही." मग उरलेली अठ्ठावीस मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघतो. पण मला त्याच्या गालांवरून कळतं. मीलीच्या तोंडात फोड आल्यापासून तिचा डबा तोच संपवतो. त्याचे गाल वर आलेले दिसले की समजायचं, पोरगी उपाशी आहे. ज्या दिवशी ते गरगरीत दिसतात त्या दिवशी मी खोलीवर येऊन कांदा चिरत बसते. (आम्हाला कांदा चालत नाही. नुसताच चिरते.)

आता ताई, एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. तू बसथांब्यावर म्हणाली होतीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. तुला तुझा मगज द्यायचा होता. डॉक्टर म्हणाल्या आई असताना मावशी कशाला. मग आम्ही निघताना तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "हिचं? हिचं सशाचं रक्त! हिला कोंबडी कापायला मी लागते. पोरीच्या अंगात घालून ते काय लढणार, पळूनच जाणार!" सगळे हसले. मीसुद्धा हसले. पण बस सुटल्यावर मी विचार करायला लागले की हे खरंच आहे. मी उंदीर दिसला तर खाटेवर चढणारी बाई. मुकादमाने शिव्या दिल्या तर माफी मागून वर चहा देणारी. आणि मीली? पोरगी तुझ्यावर गेलेली, सहा वर्षांची, हाताने बेडूक पकडते, गटारातला साप काठीवर घेऊन घरात आणते. अशा पोरीच्या हाडांत माझं पळपुटं सामान भरलं. तिकडे जंतू आला की माझ्या पेशी काय करणार? खाटेवर चढणार?

मी हे डॉक्टर मूंना विचारलं. (आधी दोन दिवस दाराशी उभी राहून परत आले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "मीलीच्या आई, तुम्हाला संडासला जायचंय का?") त्या हसल्या नाहीत, फार चांगल्या आहेत. म्हणाल्या, पेशी दोन तऱ्हेच्या. एक शिकलेल्या. त्या एकेका जंतूचा चेहरा पाठ करतात, लक्षात ठेवतात, नेमका त्यालाच धरतात. पण त्यांचं शिक्षण लांबतं, वर्ष जातं, कधी दोन. तोवर मीलीला गर्दीत न्यायचं नाही, टोचण्यासुद्धा सगळ्या पहिल्यापासून. दुसऱ्या अडाणी. त्यांना कुणी काही शिकवत नाही, त्या कुणाला ओळखत नाहीत. जो आपला नाही त्याला धरून गिळायचं, एवढंच कळतं. आणि त्यांच्यातच एक जात आहे, ती घरची खूण नसलेल्याला सांगावा यायच्या आतच मारून टाकते. "आणि पहिल्यांदा कोण येतं माहीताय?" त्या म्हणाल्या. "अडाणीच. शिकलेल्या यायच्या आधी सगळं घर त्याच राखतात." ताई, मला एवढं बरं वाटलं! मी म्हटलं, मग माझ्याच आहेत. त्या म्हणाल्या, "पण त्यांना वेळ द्या." आणि भित्र्या असल्या तर, असं विचारायचं मनात होतं, पण मला भीती वाटली.

तर मी ठरवलं, आपणच थोडं धीट व्हायचं. तुला हसू येईल. मला वाटलं, रक्त माझंच आहे ना, इकडे मी धीट झाले तर तिकडे पेशींना काहीतरी कळेल. (डॉक्टर मूंना हे सांगितलेलं नाही. तूही कुणाला सांगू नकोस.) या घरात सगळे म्हणतात वाम माशाच्या सुपाने पांढऱ्या पेशी चढतात, पण वाम जिवंत आणून स्वतः कापायची. शेजारच्या खोलीतले छू काका, त्यांची बायको वर काचेत होती, ते रोज एक कापायचे. मी बाजारात गेले, डोळे मिटले आणि तीन वामी पिशवीत घेतल्या. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एकच. पाटावर पहिली काढली तर तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी सुरी खाली ठेवली. तेवढ्यात पिशवी आडवी झाली आणि तिघी जमिनीवर. एक चुलीखाली, एक नळाच्या मोरीत, आणि एक सरळ हाओ मावशींच्या पाय शेकायच्या तपेल्यात. त्यात मावशींचे पाय होते.

मावशींनी जी किंकाळी फोडली ती नवव्या मजल्यावर गेली असेल. मी टेबलावर. मावशी तपेल्यात उभ्या राहून मला म्हणतायत, "मेले, उतर खाली! मासा तू आणलास आणि वर तूच चढलीस?" छू काका झाडू घेऊन धावले, दोन पकडल्या. पण मावशींचं तोंड थांबेना, गावंढळ काय, डोंगरातली काय, तुझ्या आईने तुला काय शिकवलं काय. आणि ताई, मला काय झालं कोण जाणे, मी टेबलावरूनच ओरडले. "आईला मधे आणायचं नाही! आईने मला पाय धुतलेलं पाणी वेळेवर ओतायला शिकवलंय!" मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तोंड आहे होय तुला." आणि तपेल्यातून बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी वरून रोज आकड्याची चिठ्ठी येते तिच्यावर होतं शून्य पॉइंट शून्य आठ. आदल्या दिवशी शून्य पॉइंट शून्य दोन होता. चौपट!

मग मला चटकच लागली. भाजीवालीला पालक शिळा आहे म्हणून सुनावलं. (ताजा होता. नंतर वाईट वाटलं.) बँकेच्या दारातल्या रखवालदाराला तिथे उभं राहू देत नाही म्हणून बोलले. आणि आकडा शून्य पॉइंट एक दोन.

इथे चूक झाली ती माझी एकटीची नाही, अर्धी हाओ मावशींची आहे. त्यांच्या मते मगज देणं म्हणजे बाळंत होणंच. दिल्या दिवसापासून त्या मला बाळंतिणीसारखं वागवतात. थंड पाण्यात हात घालायचा नाही, महिनाभर केस धुवायचे नाहीत, राळ्याची पेज आणि लाल साखर. (माझ्या केसांचा वास इतका झालाय की डॉक्टर मू जरा लांब उभ्या राहून बोलतात.) तर शून्य पॉइंट एक दोन ऐकून मावशी म्हणाल्या, "मग लाल अंडी कधी वाटतेस? पोर जन्माला आली की आईच्या घरची अंडी वाटायची नाहीत का?" मला आनंदात भान राहिलं नाही. बाजारातून सव्वीस अंडी आणून उकडली, लाल रंगात बुडवली, कोपरापर्यंत हात लाल करून घेतले आणि जिन्याच्या वरपासून खालपर्यंत सगळ्यांना वाटली. नर्सबाईंनाही दिलं. सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. "अभिनंदन, अभिनंदन." गावाबाहेर आल्यापासून इतक्या माणसांनी एकाच दिवशी माझ्याशी बोलायची ती पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी आकडा शून्य पॉइंट शून्य तीन.

ताई, जिना चढताना मी पदराने तोंड झाकावं तसं मास्कने डोळ्यांपर्यंत झाकून घेतलं. आणि ज्या दिवशी आपलं तोंड कुणाला दिसू नये त्याच दिवशी सगळ्यांनी विचारायचं, "आज किती?" मी सांगितलं. "येईल, येईल" म्हणत सगळे आपापल्या खोलीत गेले. पण संध्याकाळी बघते तर एकाही खोलीबाहेर लाल टरफल पडलेलं नाही. कुणी अंडं खाल्लंच नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या खिडकीत नेऊन ठेवलं होतं. छू काका म्हणाले, "आकडा आला की खाऊ. आत्ता खाल्लं तर पोरीचं अडेल." गल्लीतून वर बघितलं की प्रत्येक खिडकीत एक लाल अंडं. सगळं घर माझ्या पोरीसाठी अंडं राखून बसलेलं. मला लाज वाटली आणि काय वाटलं ते सांगायला अक्षर येत नाही. ○. हा तोच गोल.

त्याच दिवशी मीलीला ताप भरला. एकोणचाळीसच्या वर. हे तुला कळवलं नव्हतं. तीन दिवस पडदा काळाच होता, नर्सबाई यायच्या आणि म्हणायच्या आज नको. मी तरी रोज तीनला जाऊन अर्धा तास काळ्या पडद्यासमोर बसायचे. त्यात मला मीच दिसायचे. एकदा शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "पडदा बिघडलाय का?" मी म्हटलं, नाही, माझी वेळ आहे. मग बाहेर रस्त्यावर उभी राहून नववा मजला मोजायचे. कधी डावीकडून मोजलं की चौथी खिडकी, कधी पाचवी. मधेच छू काकांच्या बायकोचा आकडा आला, ती बाहेर आली आणि ते दोघं गावाला गेले. जाताना काका माझं अंडं बरोबर घेऊन गेले. म्हणाले, "फोन कर. हातात धरून बसतो." आता शेजारची खोली रिकामी आहे. मी त्या तीन दिवसांत कुणावर ओरडले नाही. कुणाच्या वाटेलाच गेले नाही. दिवसभर जे काही बोलायचे ते कुकरशी. तो तरी शिट्टी देतो. आणि वामींपैकी तिसरी, मोरीत गेलेली, ती अजून सापडलेली नाही. कधी कधी मोरीतून पाणी हलल्याचा आवाज येतो. मला भीती नाही वाटत. वाटतं, आहे कुणीतरी.

काल पडदा लागला. फेंग-शानचे गाल बसलेले होते. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "दोन चमचे खाल्ली." एका दमात एवढं बोलला तो! आणि मग काय झालं ऐक. आत भिंतीवरच्या टीव्हीत चित्रातला कोळी आला, चित्रातला गं, टोपी घातलेला, आणि मीलीने किंकाळी फोडली आणि बाबाच्या मांडीवर चढून बसली. आपली मीली! जी खरे कोळी काडेपेटीत पाळते! फेंग-शान माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. तो म्हणाला, "रुजलं वाटतं." डॉक्टर मू माझ्या मागेच होत्या. त्या म्हणाल्या असं काही नसतं, ती अशक्त आहे, आजारी मुलं घाबरतात. मी मान डोलावली. पण कालची चिठ्ठी शून्य पॉइंट तीन एक. आजची शून्य पॉइंट पाच दोन. ताप उतरला, म्हणजे जंतूला कुणीतरी गिळलं. शिकलेल्या पेशी अजून वर्षभर यायच्या नाहीत. मग गिळलं कुणी, सांग? सशाने!

अर्ध्याच्या वर हा पहिला दिवस. अजून दोन हवेत. यावेळी मी कुणाला काही वाटलेलं नाही. कुणी विचारलं तर आकडा सांगते आणि लगेच तोंडावर हात ठेवते.

बाकी सगळं ठीक. आईला नमस्कार, डुकरिणीला चारा. माझी काळजी करू नकोस, म्हटल्याप्रमाणे मजेत आहे.

तुझी धाकटी,
सू-यान

ता.क. काल हे पत्र टाकायला गेले होते, पण टपालाच्या खिडकीवरची बाई रागीट दिसली म्हणून परत आणलं. आज शून्य पॉइंट सहा सहा. मीली आज पाठ करून नव्हती बसली. कडेला तोंड करून बसली. एक कान दिसला.

ता.क. दुसरं. आज तिसरा दिवस. शून्य पॉइंट नऊ. डॉक्टर मू म्हणाल्या रुजला. मी त्यांना दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद उशीखाली आहे. मीली तोंड करून बसली आणि पहिलं काय म्हणाली, तर, "आई, तुझ्या पेजेत मीठच नसतं." तिच्या बाबाला मी ओरडून सांगितलं की ऐकलंस का, पोरगी भांडली! हाओ मावशींना सांगितलं तर त्यांनी माझ्या पाठीत एक धपका घातला आणि रडल्या. उद्या केस धुवायला परवानगी आहे.

ता.क. तिसरं. एक अडचण आहे. सगळ्यांनी आपापली अंडी आनंदाने फोडली आणि घरभर असा वास सुटला की मावशींनी साऱ्या खिडक्या उघडल्या. उकडलेलं अंडं, वर शेगडीची ऊब, सात दिवस. एकानेही तोंड वाकडं केलं नाही, पण खाल्लंही नाही. म्हणजे अंडी परत वाटायला हवीत. मावशी म्हणतात बाजारची चालत नाहीत, बाळंतिणीच्या माहेरचीच लागतात. पुढच्या आठवड्यात मीली बाहेर येईल, माझ्या खोलीवर, आणि शंभर दिवस आम्हाला याच गल्लीत राहायचंय. फेंग-शान दुसऱ्याच दिवशी कामावर जाईल. मग मी आणि ती. तिच्या अंगात अजून नुसत्या अडाणी पेशी आहेत आणि बाहेर मी आहे. तिला उचलू कशी, दार कुणाला उघडू, शिंक आली तर काय, मला काही कळत नाही.

तर तुझ्या कोंबड्यांची सव्वीस अंडी हवीत. सत्तावीस कर, छू काकांना एक पाठवायचंय. पार्सलने टाकू नकोस, फुटतात. बसच्या टपावरही नको. कुणीतरी मांडीवर धरून आणली पाहिजेत. गावात असं कोण आहे ते मला सुचत नाहीये. तुला सुचलं तर बघ.

आणि ताई, माझं रडून झालंय. (नाही झालेलं. तरी ये.)